आतली खोली

डाग काढणं हा माझा धंदा. धुलाईच्या दुकानात अर्धं आयुष्य गेलं. शाई, तेल, गंज, रक्त, कशाला काय लागतं ते मला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे पाळी होऊन गेल्यावर मधेच कपड्यावर डाग दिसला, तेव्हा सवयीने गार पाणी घेतलं, साबण लावला, डाग गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा दिसला, पुन्हा धुतला. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. ती दवाखान्यात गेली, पण फार उशिरा. ते आठवलं की मी आणखी जोरात चोळायचे.

एकदा लेकीने मोरीत पकडलं. ती माझ्याच पोटची, तोंडाळ. "कपडा झाला स्वच्छ. आता तुझं काय?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंना मी सांगितलं, उष्णता झाली असेल.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," त्या म्हणाल्या. "कशाची भीती वाटते?"

मी आईचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं.

"मधे डाग दिसायला कारणं पुष्कळ असतात. कुणाला बीज सुटताना दिसतो, कुणाला गर्भनिरोधक गोळी चुकली म्हणून. थायरॉइड असतं, जंतुसंसर्ग असतो, गर्भपिशवीत गाठ नाहीतर मस्सा, म्हणजे मांसाचा लोंबता कोंब, असतो. कधी दिवस राहिलेले असतात. आणि क्वचित तुमच्या आईला झालं तेही असतं. म्हणून अंदाज करायचा नाही, बघायचं."

लघवीची, रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. पिशवीत काहीतरी होतं. मग दुर्बीण घालून आत बघायचा दिवस ठरला. मी जीव मुठीत धरून टेबलावर आडवी झाले, लेक उशाशी. कळ आली, तिचा हात दाबला. मग समोरच्या पडद्यावर उजेड पडला.

मला वाटलं होतं, आत अंधार असेल, घाण असेल. ती गुलाबी, ओली, शांत खोली होती. बघण्यासाठी आत सोडलेलं पाणी संथ हलत होतं. दोन कोपऱ्यांत बीज यायची दोन बारीक दारं. एका भिंतीला लोकरीच्या गोंड्यासारखा मस्सा लोंबत होता आणि पाण्याबरोबर डुलत होता. जन्मभर मी हे घेऊन फिरले, पाळीला शिव्या घातल्या, आणि एकदाही आत डोकावले नव्हते. मला हात जोडावेसे वाटले. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा हे मोठं होतं.

लेक पडद्याजवळ सरकली. "मी इथे होते?"

"इथेच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"एवढ्याशा जागेत?"

"तू वाढलीस तशी जागाही वाढत गेली. तू निघालीस आणि ती परत एवढी झाली."

घरात जागा पुरत नाही म्हणून रोज माझं डोकं खाणारी ही मुलगी. तिचे डोळे भरलेले पाहून मलाही राहवलं नाही.

मस्सा काढला, तपासायला पाठवला. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शेवटी दुपारी दुकानात फोन वाजला. साधा मस्सा, कॅन्सर नाही. जीव भांड्यात पडला. मी इस्त्रीच्या गरम चादरींवर तशीच बसले, मालक बघत असताना.

घरी जाऊन खाटेवर पडले. लेक आली, माझ्याहून चार बोटं उंच, आणि गुडघे पोटाशी घेऊन शेजारी निजली.

"सरक की जरा," ती म्हणाली.

मी सरकले.