पांढरं पडलेलं तेल

वर्ष संपायच्या आत बोट ओढून वर घ्यायची, तळाचे शिंपले खरवडायचे आणि ड्राइव्हचं गिअर ऑइल बदलायचं, हा आमच्या घरातला नियम. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या मागे लटकणारी, इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारी गिअरची पेटी. नव्या वर्षात जुनं तेल न्यायचं नाही, असं तोकुजीदादाचं म्हणणं. मी धाकटा, इसाकु. दादाने सांगायचं आणि मी कुरकुरत करायचं, यातच आमची उमर गेली. बोट दोघांची होती, पण हुकूम त्या एकट्याचा चाले.

त्या वर्षी दादा अंथरुणावर होता. शहरातल्या हॉस्पिटलात त्याचं पोट उघडलं आणि काही न करता परत शिवून टाकलं. डॉक्टरने सुमिएवहिनीला आणि मला जिन्याखाली बोलावून कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. वर म्हणाला, "पेशंटला अल्सर म्हणून सांगा." आमच्याकडे असंच करतात. रोग्याला सोडून साऱ्या बेटाला ठाऊक असतं. मला ही रीत कधीच पटली नाही. पण वहिनीने तिथेच माझे हात धरले. "भाऊजी, कळलं तर ते उमेद सोडतील. तुम्हाला शपथ आहे." मीही अल्सर अल्सर करू लागलो.

नव्या वर्षाच्या सणासाठी त्याला घरी सोडलं. होडीतून उतरवून गादीवर निजवला, तर पहिला प्रश्न हाच.

"बोट वर घेतलीस का?"

"घेतो."

"घेतो म्हणजे? लोकांची सणाची मोची, तांदळाचे गोळे, कुटून झाली. आणि तेल काढलंस की पेल्यात घालून मला दाखव. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"विकायला काढलेस तरी कोणी घेणार नाही." तो हसला, आणि हसता हसता पोट धरून कुशीवर वळला.

दुसऱ्या दिवशी भरती साधून मी बोट उतारावर ओढली. ड्राइव्ह सरळ खाली केला, वरचा बोल्ट सैल केला, खाली बादली ठेवली आणि तळाचा बोल्ट काढला. आधी पाणी आलं. मग तेल. दूध घातलेल्या चहासारखं पांढरट. तेल पांढरं म्हणजे आत समुद्र शिरलाय. पंख्याच्या दांड्याचं सील फाटलं होतं, दुसरं काही नाही.

वहिनी माझ्यासाठी भाताचे गोळे घेऊन आली होती. तिने बादलीत डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला. कोळ्याचीच बायको ती.

"हे त्यांना दाखवू नका."

"मग काय दाखवू? माझं डोकं?"

"उगाच जिवाला घोर लावून घेतील. रात्रभर झोपणार नाहीत. नवं तेल दाखवा ना."

"नवं तेल मधासारखं दिसतं, वहिनी. वर्षभर चाललेलं तेल काळपट हवं."

"मग काळं करा थोडं," ती म्हणाली आणि डोळे भाताच्याच फडक्याने पुसू लागली. मी पेल्यात नवं तेल ओतलं, त्यात इंजिनाचं तेल मोजायच्या काठीवरचं काळं तेल निथळवलं आणि ढवळलं. रंग बरा जमला.

बोटीतही मी नवं तेल भरलं. खालच्या भोकातून हातपंपाने, वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा कोंडत नाही. आधी वरचा बोल्ट लावला, मग पंप काढून झटकन खालचा. वायसर नवे घातले. फाटक्या सीलवर नवे वायसर! माझं मलाच हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

दादाला वहिनीने उशीला टेकवून बसवलं होतं. त्याने पेला खिडकीकडे धरला. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.

"छान आहे," तो म्हणाला.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. ती पेज करायला आत गेली. आत भांडी वाजू लागली तसा दादा हळूच म्हणाला, "इंजिनाचं तेल किती घातलंस?"

"कुठलं इंजिनाचं?"

"गिअर ऑइलला गंधकाचा वास येतो, गाढवा. याला धुराचा येतोय. सील गेलंय ना?"

खोटं बोलायलाही अंगात गुण लागतो. माझ्या अंगात तो नाही. "हो," मी म्हणालो. "दुधाळ झालं होतं."

"त्या सीलवर बोट हाकली तर गिअर टिकतील?"

"छे. दात झिजून जातील."

"एकदा मी जुनाच वायसर परत लावला, तर तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. आणि आज फाटलेलं सील लपवतोस." त्याने पेला माझ्या हातात दिला. "मी बोटीवर जाणार असतो, तर तू मला शिव्या घालत हे सांगायला आला असतास, इसाकु."

मला तोंड वर करवेना. एवढे महिने आम्ही अल्सर म्हणून त्याच्या गळी उतरवलं होतं आणि पेलाभर तेलाने सगळं बाहेर काढलं.

"वसंतात सुरमई येते तोवर मी टिकेन?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्याला भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा दिसत होतं. मग म्हणाला, "सुमिएला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. तिला वाटतंय, तिने मला सांभाळलंय. वाटू दे. आणि सील बदल. बोटीने काय पाप केलंय?"

वहिनी पेज घेऊन आली. दादाने लगेच आवाज चढवला. "सुमिए, तेल झकास निघालंय! या वसंतातली पहिली सुरमई तुझ्या माहेरी."

"हो तर," ती म्हणाली. "पण आधी चार घास खा."

कित्येक दिवसांत दोन चमच्यांवर न जाणारा माणूस, त्याने वाडगा रिकामा केला. प्रत्येक घास गिळताना त्याच्या गळ्याची शीर उठत होती. वहिनी रिकामा वाडगा माझ्यासमोर धरून हळूच, पण अगदी जिंकल्यासारखी म्हणाली, "बघितलंत, भाऊजी? सांगितलं असतं तर जेवले असते का?"

दादा माझ्याकडेच बघत होता.

"नसते जेवले, वहिनी," मी म्हणालो.