घेवड्यावरचा मावा

अन्वरचा फोन शुक्रवारी यायचा. नमाज झाली, कुसकुसचं ताट रिकामं झालं की फत्तूमा हात पुसून फोन मांडीवर घेऊन बसायची. तो वाजला तरी पहिल्या रिंगला उचलायची नाही. आई टपूनच बसलीय असं लेकाला वाटायला नको. मग तेच ते. "बरी आहेस ना, यम्मा? बा कसा आहे? पाऊस झाला का तिकडे? बरं, ठेवतो." समुद्रापलीकडे अल्मेरियाच्या पॉलिहाऊसात ढोबळी मिरची तोडणाऱ्या मुलाबद्दल सहा वर्षांत तिला याहून फारसं कळलं नव्हतं. तिकडे राहायच्या परवान्याचे त्याचे कागद झालेले नव्हते. इकडे आला असता तर परत जाता आलं नसतं, म्हणून तो येत नव्हता.

घरामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, तिची दहा-बारा गांजाची झाडं होती; तिकडे त्याला किफ म्हणतात. जुन्या गावठी बियाण्याची, तिच्या नवऱ्याच्या, अय्यादच्या चिलमीपुरती. डोंगरावरची बाकीची जमीन त्यांनी कधीच सोडून दिली होती. करायला हात कुठे होते?

जुलैतल्या एका शुक्रवारी अन्वर "ठेवतो" म्हणायच्या बेतात असताना, काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली, "किफच्या पानांवर ठिपके पडलेत रे. रवा उधळल्यासारखे."

अन्वरनं फोन ठेवला नाही.

"कसले ठिपके? थांब, कॅमेरा चालू कर. झाडापाशी जा."

ती गेली.

"पान उलटं कर. अजून जवळ धर. यम्मा, मला नुसता तुझा अंगठा दिसतोय!"

"मग म्हातारीचा अंगठा बघ. तोही कधी बघतोस?"

तो हसला. किती दिवसांनी तिनं ते हसू ऐकलं. मग त्यानं तिला पांढरा कागद आणायला लावला, तो पानाखाली धरून पानावर टिचक्या मारायला लावल्या. कागदावर धुळीचे कण पडले, आणि बघता बघता ते कण चालायला लागले.

"लाल कोळी," अन्वर म्हणाला. "पानाच्या पाठीमागे बसून रस पितात. उन्हाळा कोरडा गेला की माजतात. काळा साबण आहे ना घरात? चमचाभर घे, दुधाच्या किटलीभर पाण्यात विरघळव. ऊन उतरल्यावर मार, आणि वरून नाही, पानांच्या खालून. चार दिवसांनी परत. अंड्यांना साबणानं काही होत नाही, त्यातून पिल्लं निघाली की ती धरायची."

त्यानंतर तो रोज फोन करायला लागला. दुपारच्या सुट्टीत, मिरच्यांच्या क्रेटवर बसून. आधी पानं दाखव म्हणायचा आणि मग बोलत राहायचा. आत इतकं उकडतं की अंगातला सदरा पिळता येतो. मुकादम बाई दिवसभर गाते आणि एकही सूर धड लावत नाही. खोलीत सेनेगलचे दोघं आहेत, फार भली माणसं. फत्तूमाला पडद्यावर दिसलं, त्याची एक दाढ पडली होती. हे त्यानं सांगितलं नव्हतं.

"इथं आम्ही साबण नाही वापरत," तो एकदा म्हणाला. "कागदाच्या पुड्या लटकवतो झाडाला. त्यात दुसरे कोळी असतात, ते ह्यांना खातात."

"कोळ्याला खाणारे कोळी? विकत आणता?"

"विकत."

"वेडी आहेत तिकडची माणसं," फत्तूमा म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसली.

कागदावर काही पडेनासं झालं तेव्हा अन्वर म्हणाला, "झालं, यम्मा. सुटलीस."

तिला तो शब्द आवडला नाही. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा बरी आहेस ना, बा कसा आहे, एवढं विचारून गेला.

दोनेक दिवसांनी ती घेवडा तोडायला गेली. वेलाचे कोवळे शेंडे काळ्या माव्यानं लिंपल्यासारखे झाले होते, वरून मुंग्यांची ये-जा. असा शेंडा दिसला की बोटांत धरून चिरडायचा, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं तो खुडला, मुंग्या झटकल्या, मागे गेली आणि कोपऱ्यातल्या किफच्या झाडाच्या शेंड्यात अलगद खोचून ठेवला. उंबऱ्यात चिलीम ओढत बसलेल्या अय्यादनं विचारलं, "काय करतेस गं?"

"काही नाही."

"काही न करताना कोंबडी चोरल्यासारखं तोंड का केलंयस?"

ती घेवडा घेऊन आत गेली. संध्याकाळी जरा हललेला फोटो पाठवला आणि अन्वरचा लगेच फोन आला. मावा आहे, पाण्याच्या धारेनं झाडून काढ, तो म्हणाला. तिनं हो म्हटलं आणि झाडून काढला नाही. खोचलेला शेंडा वाळला की घेवड्याचा नवा आणायची, आणि फोन पुन्हा रोज यायला लागला. त्या कोपऱ्यातल्या झाडाला शेवटच्या वेळी तिनं साबणही मारला नव्हता. तिथले थोडे कोळी राहू दिले होते, कागद दुसऱ्या झाडांखाली धरला होता. एकच तर झाड, असं मनाशी म्हणाली होती.

"आज कुणाला ताप आलाय?" अय्याद रोज विचारायचा. "अख्ख्या केतामाच्या डोंगरात एवढी आजारी झाडं दुसऱ्या कुणाकडे नसतील."

ऑगस्टमध्ये पूर्वेकडचा गरम वारा सुटला आणि थांबेचना. कोपऱ्यातल्या झाडावर पांढरी जाळी धरली, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. शेंड्यांना फुलं आली होती. एका सकाळी खालच्या टप्प्यावरची रहिमू तरातरा वर आली.

"फत्तूमा, डोळे आहेत का तुला? तुझ्या झाडांवर कोळिष्टकं लटकतायत! कोळी माझ्या वरच्या ओळीत उतरलेत. तुमची चिलमीपुरती झाडं, माझं अख्खं वर्ष ह्या पिकावर आहे गं."

"आज धुते मी."

"आता काय धुतेस? फुलं धरलीत. साबण फुलात बसला की ते कोण ओढणार, तुझा नवरा?"

रहिमू गेल्यावर फत्तूमा तडक फोनकडे गेली. तिनं स्वतः फोन लावला, कामाच्या वेळी. असं तिनं कधी केलं नव्हतं. अन्वर धापा टाकत बोलला, "काय झालं? बा बरा आहे ना?"

"झाडं, अन्वर. सगळी गेली रे."

त्यानं एकेक झाड दाखवायला लावलं. कोपऱ्यातल्या झाडापाशी म्हणाला, "थांब. शेंडा दाखव. हात हलवू नकोस." बराच वेळ बघत राहिला. "किफवरचा मावा फिकट असतो, यम्मा. हिरवट. हा काळा आहे, घेवड्यावरचा. आणि ते वाळलेलं देठ घेवड्याचंच आहे. तिथं कुणी खोचलं?"

फत्तूमानं ते देठ ओढून काढलं.

"यम्मा?"

"मी."

"का?"

"तू एरवी शुक्रवारीच फोन करतोस," ती म्हणाली.

मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. कुणीतरी त्याला हाक मारली. "ती झाडं काप," तो म्हणाला. "ओलं पोतं घाल वर, झटकू नकोस, आणि जाळ." आणि फोन बंद झाला.

त्या शुक्रवारी फोन आला नाही. कुसकुस तशीच गार झाली. अय्यादनं एकही टोमणा मारला नाही, तेच तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, दोघांनी झाडं कापली. रहिमूही विळा घेऊन आली, न बोलता खाली वाकली. एकेक झाड ओल्या पोत्यात गुंडाळून अंगणातल्या पावाच्या भट्टीकडे नेलं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाची दोन झाडं तेवढी वाचली. धूर निघाला तेव्हा अय्याद लांब जाऊन उभा राहिला.

"यंदा विकतची ओढीन," तो म्हणाला. "तोंड वाईट करू नकोस. मरत नाही मी."

ती झाडांसाठी रडत नव्हती, हे त्याला कळत होतं. पोराला आपण खोटं बोलून फोनवर बोलावत होतो, आणि तो येतही होता, ह्याचं आता काय करावं तिला सुचत नव्हतं.

पुढचा शुक्रवारही कोरडा गेला. मग एका मंगळवारी, भर दुपारी, ती पीठ मळत असताना फोन वाजला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला, पिठाच्या हातानं.

"झाडांचं विचारायला नाही केला," अन्वर म्हणाला.

"मग?"

"असाच."

आज कामाला सुट्टी होती. तो त्याच्या खोलीत होता, मागे भिंतीवर ओले कपडे टांगलेले.

"शुक्रवारी तुझा आवाज ऐकला ना, की मला घर दिसायला लागतं," तो खाली बघत म्हणाला. "मग दोन दिवस कामात हात चालत नाही. म्हणून पटकन ठेवतो. कोळ्यांचं बोलताना तसं होत नव्हतं. वाटायचं, मागच्या भिंतीपाशीच उभा आहे."

फत्तूमानं पिठाचा हात फडक्याला पुसला. मग तिनं एवढंच विचारलं, "कागदांचं काय?"

"काही नाही अजून. म्हणतात, थांबा."

"जेवलास?"

"करतोय आता. तू बस तिथंच. बोलायलाच पाहिजे असं नाही."

त्यानं फोन तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केला. तिला त्याची पाठ दिसू लागली. अय्यादसारखीच रुंद झाली होती, आणि डोक्यावर मागे, मूठभर जागेत, केस विरळ झाले होते. तो टोमॅटो चिरत होता. फार मोठे तुकडे करत होता. आच कमी कर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. अंडी फोडली, पाव मोडला, भिंतीकडे तोंड करून खायला बसला. मधेच एकदा वळून बघितलं, ती आहे का म्हणून.

आतून अय्याद ओरडला, "संपला का फोन? चहा टाक जरा!"

तिनं फोनवर तळवा धरला. "हळू बोल," ती म्हणाली. "तो जेवतोय."

अय्याद बाहेर आला, चपला काढून, आवाज न करता. तिच्या शेजारी जमिनीवर टेकला, आणि दोघं बघत बसली.