गंधाच्या तारा

शेवंताबाईने कपाशीच्या झाडाला लाल नळीची तार गुंडाळली, पीळ दिला आणि ती पुढे सरकली. झाडांना नुकत्याच पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागत होत्या. शेजारच्या ओळीत तिचा दीर लोटन तेच काम करत होता. बांधावर उभे राहून कृषी सहायक बन्सीलाल समजावून सांगत होते.

“या नळीत बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध आहे, अक्का. सगळ्या वावरात तोच वास पसरला की नराला खरी मादी सापडत नाही. जोडीच जमली नाही तर अंडी कुठली? या अळीसाठी फवारायला नको.”

फवारायचं नाव निघालं तशी लोटनने मान खाली घातली. मागच्या भादव्यात याच वावरात याच अळीवर फवारता फवारता शेवंताबाईचा नवरा सुकदेव कोसळला होता. शिरपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून शेवंताबाई उठायची, रांधायची, निंदायला यायची. रडली मात्र नव्हती. बायका त्यावरून कुजबुजायच्या. तिच्या कानांवर ते पडायचं, आत शिरायचं नाही.

“हाई औंदाच निंघनं का, साहेब?” तिने विचारलं.

“छे, मागच्या वर्षीही आणलं होतं. तुमच्या गावातही फिरलो, पण वावर द्यायला कोणी तयार होईना.” बन्सीलालांनी सहज लोटनकडे पाहिलं. “या भाऊंनाही विचारलं होतं.”

उरलेला गठ्ठा आणायला ते आपल्या राजदूत फटफटीकडे गेले.

“मीच नही म्हनं, वहिनी,” लोटन म्हणाला. “माले हासू उनं. वास लाईसन आळी जास का? भाऊले सांगंबी नही.”

वर्षभर त्याने आपलं वावर मागे ठेवून आधी तिचं वखरलं, पेरलं होतं. गाव त्याला नावाजत होतं. तिचे हात चालूच राहिले.

“काही तरी बोल. रागे भर.”

“रागे भराले बी आंगमा काही लागस, भाऊ.”

बन्सीलाल परत आले आणि थबकले.

“अक्का, एका झाडाला एकच बांधायची.”

तिने खाली पाहिलं. एकाच झाडाला चार-पाच तारा गुंडाळल्या गेल्या होत्या. ती सोडवू लागली, पण तिला पीळ सापडेना. लोटनने ओळ ओलांडून हात पुढे केला.

शेवंताबाईने झाड सोडलं. पुढच्या झाडाशी जाऊन ती उभी राहिली. हातात एकही तार नव्हती.