लंकेचा डोंगर आणि अण्णांची तार

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख मंग सांगते. आमचा बुद्धभूषण मघापासून तुमच्यासमोर उभा राहून सांगतो आहे की रेडिओवाल्याचा पहिला गुण म्हणजे कान. आणि हे सांगताना त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला आहे. माणसाला थोडी तरी लाज असावी.

मी एक जुनी वायरलेस पेटी आहे. शाळेत येण्याची माझी ही पहिलीच वेळ, तीही तुमच्या वडीगोद्रीच्या शाळेत. अक्षर मला येत नाही. पण आवाज ओळखण्यात माझी बरोबरी कुणी करू नये. खोकल्यावरून माणूस सांगते मी.

मला तातेरावांनी घडवलं. तातेराव म्हणजे भूषणचे वडील, तो त्यांना अण्णा म्हणतो. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात ते वायरमन होते. सुटी मिळाली की जालन्याला जायचे, भंगारातून सामान निवडून आणायचे, आणि ओसरीवर बसून माझ्या पोटात एकेक तांब्याची गुंडाळी बसवायचे. त्यांच्या घरधनिणीला, बेबीनंदाला, माझं कौतुक नव्हतं.

"सवत आणली असती तर निदान भाकरी तरी थापली असती तिनं," ती म्हणायची. "ही नुसती खरखर करती."

पण हवेतले आवाज पकडायची तार लिंबाच्या शेंड्याला बांधायला शिडी धरली ती तिनंच.

तातेरावांनी परीक्षा देऊन सरकारचा परवाना काढला. अशा परवानेवाल्यांना हॅम म्हणतात. त्यांना कॉलसाईन मिळतं, म्हणजे हवेतलं नाव. मंग कुठलाही हॅम कुठल्याही देशातल्या हॅमशी बोलू शकतो. आणि या लोकांची एक रीत आहे, ती मला माणसांच्या सगळ्या रितींपेक्षा आवडते. दहा दांडगे आवाज एकदम हाका मारत असले, आणि त्यांच्याखाली एखादा बारीक आवाज ऐकू आला, तर दांडग्यांना थांबवायचं. "थांबा, खाली कुणीतरी हळू बोलून राह्यलंय," असं म्हणायचं आणि आधी त्या बारीक आवाजाला उत्तर द्यायचं. भूषण ही रीत माझ्यासमोर बसून शिकला. अण्णांच्या मांडीवर बसून, नाक पुसत. पुढं त्यानंही परवाना काढला.

आमचा सगळ्यात जुना दोस्त लंकेचा. त्याचं नाव नंदसेना, तिकडं तो मास्तर होता. एका सकाळी अण्णांनी बोलणं संपवताना सवयीनं "नमो बुद्धाय" म्हटलं आणि पलीकडचा माणूस हरखला. मंग तोही तेच म्हणाला. तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. याचं इंग्रजी लंगडं आणि त्याचंही लंगडं, पण दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बराबर चालायचे. अण्णांनी त्याला "कसं काय, बरंय ना?" शिकवलं. त्यानं यांना लंकेचा रामराम शिकवला. तोंड मात्र एकमेकांचं बघितलं नव्हतं.

पुढं नंदसेना लेकीकडं राहायला गेला. त्या इमारतीवर तार बांधू देत नव्हते, म्हणून त्याचा आवाज हवेतून नाहीसा झाला. फोन होता. पण फोनवर हे दोघं "जेवण झालं का"च्या पुढं सरकत नसत. फोन काय, कुणीही लावतो.

आणि मंग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधरला, पण आवाज जड झाला, चिखलातून चालल्यासारखा. हवेतले लोक "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" म्हणू लागले. अण्णा मानी माणूस. त्यांनी बोलणंच कमी केलं.

तेव्हा भूषणनं ठरवलं की लंकेत जायचं, तिथल्या डोंगरावर चढून तार टाकायची आणि साऱ्या जगाशी बोलायचं. उंचावरून आवाज लांब जातो, म्हणून हॅम लोकांत असे डोंगर चढायची मोठी हौस असते. नंदसेना म्हणाला, मीही काठी टेकत येतो.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला पुसलं आणि लेकाच्या हवाली केलं.

"तुझी नवी पेटी घरी ठेव, मी तिच्यावरून हाक मारतो," ते म्हणाले. "ती लई बॅटरी खाती. ही नेय, ही थोडक्यात भागवती. आन् ऐक. माझा आवाज तिथं पोचला, तर मी अजून हॅम हाय. न्हाई पोचला, तर लिंबावरची तार उतरवून टाकायची. मंग मला आग्रह करायचा न्हाई."

"पोचंल हो अण्णा," भूषण म्हणाला. "नंदसेना काकाला देतोच बोलायला."

मी ऐकलं. माझ्यासमोर दिलेला शब्द आहे तो.

डोंगर हिरवा होता, चहाच्या झुडपांचा. धुकं होतं, जळवा होत्या. नंदसेना वाटभर पुटपुटत होता, "तातेराव, कसं काय, बरंय ना?" चुकला की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. त्याच्या झोळीत दुधातला भात होता. माथ्यावर त्यानं पहिला घास भूषणला भरवला, दुसरा माझ्यापुढं ठेवला. असा माणूस.

तार वर चढली. भूषणनं कानात इयरफोन घातले, समोर मोबाईल उभा करून शूटिंग चालू केलं. आणि मित्रांनो, आवाजांचा नुसता पूर आला. इटली, रशिया, जपान. सगळ्यांना त्या डोंगराशी बोलायचं होतं. भूषणचा चेहरा असा झाला की जसा काही तोच नवरदेव. कौतुक मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्याच पोटातून जात होतं ना सगळं.

आणि त्या पुराच्या तळाशी मला अण्णा ऐकू आले.

बारीक. जड. पण शब्द न् शब्द कळत होता. आधी कॉलसाईन, मंग, "भूषण, मी अण्णा. ऐकू येऊन राह्यलं का?"

भूषणचा हात थांबला. त्यानं ऐकलं, मित्रांनो. बोटं माझ्या बटणावर होती, ती थांबलेली मला कळली. आता तो म्हणेल, थांबा, खाली कुणीतरी हळू बोलून राह्यलंय. मी वाट बघितली. तेवढ्यात इटलीवाला पुन्हा गरजला, मोबाईल समोर चालूच होता, आणि भूषण हळूच स्वतःशी म्हणाला, "अण्णा काय, घरचेच हायेत." त्यानं इटलीला उत्तर दिलं.

नंदसेनानं त्याच्या खांद्याला हात लावला. "तातेराव?"

भूषणनं मान हलवली. नाही.

अण्णा हाका मारत राहिले. घरचा माणूस थांबतो हे खरं, पण बॅटरी थांबत नाही. भूषणला जेव्हा त्यांची आठवण झाली तेव्हा माझा दिवा विझत आला होता. त्यानं हाक मारली, पण ती माझ्या ओठातच राहिली. नंदसेना भाताचा डबा झाकत होता. उतरताना पुटपुटलाही नाही.

इथवर मी माफ केलं असतं. तरणं पोर आहे, गडबडलं. पण घरी आल्यावर अण्णा दारातच उभे होते.

"आलं का ऐकू?"

"न्हाई अण्णा," हा म्हणाला, माझ्यासमोर, डोळे खाली घालून. "लई कान दिला. काहीच आलं न्हाई."

अण्णांनी बिलकुल त्रागा केला नाही. "असू दे. आता माझा आवाज जात न्हाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या सकाळी त्यांनी तार उतरवायला काढली. बेबीनंदा ओरडली, "आवो, ऱ्हाऊ द्या ना, काय खाती का ती?" पण ते थांबले नाहीत. आणि शिडी कुणी धरली असेल? भूषणनं. खाली उभं राहून तो तार गुंडाळत होता, आणि तेव्हाही त्याच्या तोंडातून खरं निघालं नाही.

तेव्हापासून अण्णा ओसरीवर बसतात आणि कुणाशी फार बोलत नाहीत. नंदसेनाचा फोन आला तर बेबीनंदाकडं देतात. भूषणचे सत्कार मात्र चालू आहेत. शूटिंग सगळ्यांनी बघितलं. मी मिरवायची वस्तू झाले. माझी धूळ तो रोज पुसतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी हे खरंच, पण धूळ पुसली म्हणजे काळजी झाली असं नाही. एखादी वस्तू ज्या कामासाठी जन्मली ते काम तिच्याकडून खरेपणानं करून घ्यावं. मी दूरचा आवाज घरी आणायला जन्मले. तो मी आणला होता. वाटेतच त्याला कुणी अडवलं.

आता भूषण तुम्हांला दाखवायला माझं बटण दाबील. तुम्हांला नुसती खरखर ऐकू येईल. ती तुमच्यासाठी नाही. हं, दाबलं. मंग ऐक भूषण, मोठ्यानं सांगते. इटलीला उत्तर दिलंस त्याचा राग मला न्हाई. तू बापाला त्याच्याच आवाजापासून तोडलंस, त्याचा हाय. माझ्या पोटातलं सामान भंगारातलं असंल, पण तो आवाज खरा होता आन् तो पोचला होता. तू हॅम न्हाईस, जोवर हे अण्णाला तोंडानं सांगत न्हाईस तोवर. या पोरांना कानाचं शिकवू नको. घरी जा.