मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा देवावर पूर्ण विश्वास होता. फक्त देवाने वळणावर जरा हळू घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. बसमध्ये बसले तरी पाय दाबत, जावयाच्या गाडीत तर जास्तच. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की त्यांच्या पायाखालची फळी करकरायची. पाळकही हल्ली ती करकर ऐकून आवरतं घेत.

अशा माणसाला मोतीबिंदू झाला. समोरून येणारी गाडी की वाळत घातलेली चादर, हे त्यांना जवळ गेल्यावरच कळे. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की मास्तरांना ताप भरायचा. डोळा गेला तर पोटावर पाय, ही भीती होतीच. पण खरी धास्ती वेगळीच होती: डॉक्टर फक्त डोळ्याला भूल देणार, आणि यांनी टक्क जागं राहून अजिबात हलायचं नाही. म्हणजे चालवणार दुसराच, आणि आपण नुसतं पडून राहायचं!

बायकोने परोपरीने समजावलं. प्रभू आपला मेंढपाळ आहे, अंधाऱ्या दरीतही तो सोबत असतो, हे लहानपणापासून ऐकत आलात ना? मास्तर म्हणाले, ते सगळं खरं, पण दरी म्हटली की उतार आला, आणि उताराला पाय ब्रेकवर हवाच.

"अहो, मेंढराला कधी ब्रेक असतो का?" एवढं म्हणून ती भाजी चिरायला बसली.

त्याच आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई गाडी शिकायला येत होत्या. बाईंनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवय नव्हती. पुलाच्या उतारावर अचानक कुत्रं आडवं आलं. मास्तरांनी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. कुत्र्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

मी होतो म्हणून वाचलात, असं मास्तरांनी सुनावलं. ब्रेक मीच मारला, असं बाई म्हणाल्या. मास्तर कीव आल्यासारखे हसले. शिकाऊ माणसाचा असा गैरसमज व्हायचाच.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला मेहुण्याच्या गॅरेजमध्ये गेली. मेहुणा गाडीखालून बाहेर आला तो कान खाजवतच. मागच्या खेपेला गाडीचं काम करताना त्याने मास्तरांच्या ब्रेकची दांडी सोडवली होती, ती परत जोडायची राहून गेली होती.

"म्हणजे तेव्हापासून मी काय दाबत होतो?"

"दाजी, नुसती हवा."

मास्तर टायरवर बसले. ते सगळे चौक, ते सगळे शिकाऊ, शाळेसमोरचा तो रस्ता त्यांना आठवला आणि अंगाला घाम फुटला. सगळे सुखरूप घरी पोचले होते. आणि ज्या प्रभूने पोचवलं, त्याने यांचा पोकळ रुबाबसुद्धा चारचौघांत उघडा पाडला नव्हता. त्यांनी दांडी आपल्यासमोर जोडून घेतली, बाईंची माफी मागितली आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले.

ऑपरेशनच्या टेबलावर दिवा डोळ्यावर आला आणि मास्तरांचा पाय आपसूक ब्रेक दाबू लागला. चादर हलली. डॉक्टर थांबले. पाय हलवू नका, असं नर्सने बजावलं.

"प्रभू," मास्तर पुटपुटले, "इथे माझ्या बाजूच्या ब्रेकला दांडीच नाही. तू आहेस ना?"

पाय हळूहळू सैल पडला.

"काही म्हणालात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही चालवा."