तिसऱ्या हाकेला

बिघडलेली वस्तू माझ्यापुढून तशीच परत गेली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही आणि म्हणायची कुणाची टापही नाही. बिरवाडीजवळच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. दाब आणि तापमान सांगणारी यंत्रं थापा मारू लागली की तेजश्रीला बोलवा, असा तिथला शिरस्ता आहे. पण प्रवीणदादाच्या गेम कन्सोलनं अख्खा पावसाळा माझ्या नाकी नऊ आणले.

दादा गेला. वारला असं नव्हे, नुसता गेला. वरंधच्या आमच्या घरी तो दिवेलागणीला खेळत बसला होता, पडवीखालून कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, तो "ओ" म्हणाला, कन्सोल बंद करून अनवाणीच खाली उतरला आणि परत आला नाही. पोलिसांनी घाट पालथा घातला. काका म्हणाले, पोरगा मुंबईला पळाला असेल. आई मात्र एकच वाक्य बोलली, "पहिल्याच हाकेला ओ दिलीन." आमच्याकडे तिन्हीसांजेला तिसरी हाक आल्याशिवाय कुणी ओ देत नाही, माणूस पुन्हा पुन्हा बोलावतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच बोलावतं, असं म्हणतात. मी ते मानत नव्हते, पण पाळत होते.

त्यानंतर आम्ही ते घर बंद करून बिरवाडीत भाड्याची खोली घेतली आणि कन्सोल वरंधच्या फळीवर ओल खात पडला. त्यातल्या खेळात दादानं एक वाडी वसवली होती, आमचीच, पायवाटा आणि गोठ्यांसकट. आई तेव्हा त्याला "रिकामटेकडा" म्हणायची. तो गेल्यापासून ती हसलेली मला आठवत नाही. ती वाडी तिला एकदा दाखवायची, एवढंच मनाशी धरून मी कन्सोल उचलून आणला.

महाडच्या दुकानदारानं झाकणही न उघडता "भंगारात द्या, ताई" म्हटलं आणि मी पेटले. कंपनी जे सांगत नाही ते सर्किट उघडून, उलट्या वाटेनं चालत, स्वतः वाचून काढायचं, ही विद्या मी इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी शिकले. बोटं भाजली, एक जुना रेडिओ सरावात शहीद झाला, पण कन्सोलची मेमरी चिप मी अलगद उतरवली, वाचली आणि परत बसवली. दुखणं सापडलं. मुख्य चिपच्या शेजारी एक पहारेकरी चिप होती; सुरू होताना मुख्य चिप तिला साद घालते आणि ठरलेलं उत्तर आलं तरच पडदा उजळतो. ओलीनं पहारेकरी कुजला होता. उत्तर काय द्यायचं ते मला मेमरीत मिळालं होतं, तेव्हा ते देणारी छोटी पट्टी बनवून मी त्याच्या जागी जोडली.

पडदा काळाच.

"उत्तर बरोबर हाय ना? मग जरा लवकर दे," कारखान्यातला सुशांत म्हणाला. परदेशातले जाणकारही तेच लिहीत होते: साद आली की तत्क्षणी उत्तर द्या. मी वेग वाढवून पाहिला, उत्तर तपासून पाहिलं, आणि दरवेळी कन्सोल रुसल्या जावयासारखा गप्प राहिला. माझा अभिमान पार धुळीला मिळाला.

मग एका संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि घरमालकीण सुंदराबाईंनी अंगणातून हाक दिली, "आनंदीबाई गो!" आई गप्प. "गो आनंदीबाई!" आईचा हात तसाच फिरत राहिला. तिसऱ्या हाकेला ती म्हणाली, "ओ! काय गो?"

मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. माझी पट्टी काढून ठेवली की मुख्य चिप काय करते, ते मी तारांवर लावलेल्या, त्यातून जाणारा प्रत्येक संकेत टिपून लॅपटॉपवर रेषेत दाखवणाऱ्या डबीनं कितीदा तरी पाहिलं होतं. ती तीनदा साद घालायची आणि मग गप्प व्हायची. आम्ही सगळे हुशार पहिल्याच सादेला धावत होतो! मी पट्टीला दोनदा गप्प बसायला आणि तिसऱ्यांदा ओ द्यायला शिकवलं, आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. मी एवढ्यानं किंचाळले की सुंदराबाई अंगणातून धावत आल्या. जाणकारांना जे जमलं नव्हतं ते आईच्या भाकरीपाशी बसून मला जमलं होतं, आणि मला खरंच आकाश ठेंगणं झालं. आई पिठाच्या हातांनीच पुढ्यात येऊन बसली. "ह्यो आपला फणस," ती म्हणाली, "आणि ही पडवी. बघ गो, माझी चूल पन केलीन!" ती हसत होती, रडत होती. पडवीखाली, वाटेकडे तोंड करून, दादाचा खेळातला गडी उभा होता, जिथं त्यानं सोडला होता तिथंच. आई पडद्याला हात लावून म्हणाली, "आला माझा प्रवीण."

सुंदराबाई घरी गेल्या, आई भाकऱ्यांकडे परतली. मी कन्सोल बंद केला, वायर भिंतीतून उपटली आणि सुशांतला तोंडावर मारायचा पुरावा म्हणून डबीनं टिपलेल्या रेषा उघडल्या. तीनदा साद, तिसरीखाली माझं उत्तर. किती देखणं दिसत होतं ते! डबी मात्र अजून टिपतच होती. रेष सपाट होत गेली होती, वायर उपटल्याच्या पुढंही लांबवर सपाट, आणि मग शेवटाला, आत्ताच्या क्षणाशी, एक साद होती.

मी दुसरीची वाट पाहिली. रेष सपाटच राहिली.

बाहेर दिवेलागण झाली होती. अंगणात कुणाचा आवाज नव्हता. असता तर मला ऐकू आला असता. चुलीपाशी आई उठून उभी राहिली आणि तिचा एवढा आनंदी सूर मी कधीच ऐकला नव्हता.

"ओ! आले रे बाबा," ती म्हणाली आणि तिनं दाराची कडी काढली.