जमिनीवर बसायचा नेम

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ललिताबाई लेकीची चोरओटी भरायला निमोण्याहून दौंडला गेल्या. लेकीचं नाव ज्ञानेश्वरी, घरात ज्ञानू. तिला पाचवा महिना लागला होता. चोरओटी म्हणजे गाजावाजा नाही; घरच्या दोनचार बायका, हिरवं पातळ, ओंजळभर तांदूळ आणि नारळ. विहीणबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि समोर दुसरा पाट मांडला होता, आईसाठी.

ललिताबाई वजनामुळं जमिनीवर बसणं कधीच विसरल्या होत्या. घरी देव्हारासुद्धा कमरेइतका उंच करून घेतला होता. पण लेकीची ओटी काय खुर्चीत बसून भरायची? देवाचं नाव घेतलं आणि त्या बसल्या. ओटी भरली, कुंकू लावलं, ज्ञानूच्या कपाळावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. सगळं मनासारखं झालं. आणि मग उठता येईना.

एका बाजूनं विहीणबाई, दुसऱ्या बाजूनं शेजारीण. हात निसटला. तशी भरल्या ओटीची ज्ञानूच पुढं धावली, आणि विहीणबाई ओरडल्या, "अगं तू नको! तू नको उचलू!"

कशाबशा त्या उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. निघताना विहीणबाईंनी हात हातात घेतला. म्हणाल्या, "बाळाच्या अंघोळीला बाई बघून ठेवा हं. तुमाला आता खाली बसवायचं न्हाई." त्यात टोमणा नव्हता, मायाच होती. म्हणूनच ते लागलं.

जावयानं एसटीत बसवून दिलं. भीमेच्या पुलावरून गाडी निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि नदीचं पाणी हळद कालवल्यासारखं दिसत होतं. ललिताबाईंचा डोळा लागला. आई दिसली, पाय लांब सोडून न्हाणीत बसलेली, नडग्यांवर पालथी घातलेली इवलीशी ज्ञानू. आई तांब्यानं पाणी सोडत होती आणि पाणी सांडतच नव्हतं, बाळाभोवती पदरासारखं थांबत होतं. मग पाहिलं तर ते पाय आईचे नव्हते, आपले होते. त्यांच्याकडे बाळाची अंघोळ आजीच्याच पायावर व्हायची. आजीच्या आजीपासूनची रीत. आणि आपल्यापाशी ती थांबणार?

घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवलं. वजन उतरवायचं. चार महिने होते हातात. आणि उतरवायचं म्हणजे काय करायचं, तर आणखी एक उपास धरायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार होतेच. एकादशी आणि चतुर्थी होत्या. आता मंगळवारही.

तीन आठवडे झाले. अंगावरची चोळी तशीच घट्ट. चौथ्या मंगळवारी सकाळी शेवंतीच्या सरीत पूजेची फुलं तोडताना डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि त्या फुलांतच बसल्या. यजमानांनी, संपतरावांनी, गाडीवर घालून गावातल्या उपकेंद्रात नेलं.

तिथं करुणा होती, बौद्धवाड्यातल्या कोंडिबाआबांची नात. नर्सिंग शिकून दोन वर्षांपूर्वी गावातच नेमणूक झाली होती. तिनं रक्तदाब घेतला, बोटाला टोचून साखर तपासली, काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो.

"काकी, काल काय खाल्लं?"

"काल सोमवार. उपास."

"व्हय, पण उपासाला काय खाल्लं?"

ललिताबाईंनी हळू आवाजात सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपातली. दुपारी दोन केळी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. चहा असा किती, चारपाच कप. रात्री उपास सोडताना वरणभात, आणि नैवेद्याचा शिरा.

"शिरा किती?"

"वाटीभर. ह्यांना शुगर हाय ना. मग प्रसाद टाकायचा कसा? ह्यांच्या वाट्याचाबी मीच संपवती."

संपतराव दारातून म्हणाले, "म्हंजी माझी साखर हिच्या अंगाला लागली बग, करुणे!"

"आन् आज?"

"आज मंगळवार. नवा धरलाय. पहाटेपासून पाणीबी घेतलं न्हाई. फुलं झाल्यावर खिचडी खाणार व्हते."

करुणा हसली नाही. तिनं आधी एक केळं सोलून हातात दिलं आणि ते संपेपर्यंत वहीत आकडे लिहून घेतले. मग म्हणाली, "काकी, उपास सोडा असं मी म्हणणार न्हाई. आमची आईबी पौर्णिमेला उपोसथ धरती. पांढरं लुगडं नेसती, बाराच्या आत साधं जेवती आन् मग दिवसभर काही न्हाई. मी एकदा विचारलं, आई, तू साबुदाणा का गं खात न्हाईस? ती म्हणली, ज्या दिवशी थोडं सोडायचं त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त कशाला रांधायचं?"

ललिताबाई केळ्याच्या सालीकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं उपास केले, आणि सोडलं काय होतं? भाकरी. तेवढीच.

"वजन कशासाठी उतरवायचंय?" करुणानं विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ललिताबाईंना आधी लाज वाटली. मग अंघोळीचं सांगितलं.

"मग काटा नंतर बघू," करुणा म्हणाली. "खाली बसून उठता येणं, हे आपलं काम. मंगळवार सोडून द्या. सगळं एकदम करायला जाऊ नका, न्हाईतर पंधरा दिवसांत कटाळा यील. ह्या आठवड्यात फक्त चहा. दोन कप, आन् साखर अर्धी. बास. जेवण हाय तसंच ठेवायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पुढल्या सोमवारी या."

घरी येताना संपतराव म्हणाले, "मी सांगितलं तर ऐकली न्हाईस कवा. आता नेम म्हणून धर, म्हंजी तू काय मोडायची न्हाईस."

त्यांनी थट्टेत म्हटलं, पण ललिताबाईंनी ते मनावर घेतलं. नेम त्यांना कळत होता. सकाळी दिवा लावताना त्यांनी देवीपुढं तांदळाचे दाणे ठेवले आणि सांगितलं, आई, आज दोनच कप.

पुढल्या सोमवारी करुणानं चालायला सांगितलं. जेवण झालं की दहा मिनिटं, जमलं तर सकाळी वीस. पायात चपला नकोत, बूट. संपतरावांनी शिरूरच्या बाजारातून पांढरे बूट आणि घरी वजनाचा काटाही आणला, आणि नऊवारीखाली बूट घालून ललिताबाई कालव्याच्या चारीच्या वाटेला लागल्या.

पौषातलं धुकं चारीच्या पाण्यावरून उठून वाटेवर पसरायचं. गुडघ्याखाली काही दिसायचं नाही. आपलेच पाय धुक्यात कुठंतरी चालताहेत आणि आपण वर तरंगतोय, असं वाटायचं. दोन्ही बाजूंना शेवंती पिवळ्या धुरासारखी. बगळे पाण्यात उभे, ध्यान लावल्यासारखे. ललिताबाई मनात नाव घेत चालायच्या आणि कधीकधी वाटायचं, नडग्यांवर ऊबदार ओझं आहे. कुणीतरी इवलंसं बरोबर निघालंय. धाप लागली की थांबायच्या. करुणानं सांगून ठेवलं होतं, चालताना बोलता आलं पाहिजे; बोलता येईना झालं की पाय सावकाश करायचे.

एकदा अनसाबाई आडव्या आल्या. सत्तरीच्या, काटकीसारख्या. गावातली निम्मी बाळं त्यांच्या पायावर न्हालेली.

"काय गं ललिता, मॅरेथॉनला निघालीस व्हय?"

"न्हाई वैनी. नात-नातू यायचाय. अंघोळ माझ्याच पायावर घालायची म्हणते."

"तू?" अनसाबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाळाला न्हाऊ घालशील गं. पन तुला काढायला क्रेन कुठनं आणायची?"

ललिताबाई हसल्या. पण घरी आल्यावर बूट काढताना डोळ्यांत पाणी होतं.

तिसऱ्या खेपेला करुणानं उपासाचं ताट बदललं. साबुदाण्याऐवजी वाटीभर भगर, पातळ ताक, काकडी, एखादा पेरू. दाणे मूठभर, मापून. उपास नसेल त्या दिवशी भाकरी एक कमी आणि मटकी किंवा डाळ एक वाटी जास्त. "तुम्ही अंडं खात न्हाई, मग पायात ताकद कुठनं येणार? कडधान्यच पायजे." नैवेद्याचं तिनं भीतभीत विचारलं. ललिताबाईंनीच उत्तर दिलं, "देवाला कुठं वाटी लागती बाई? एक चमचा दाखवीन. त्यातला अर्धा ह्यांना, अर्धा मला."

आणि मग खुर्चीचं काम सुरू झालं. देव्हाऱ्यापुढं लाकडी खुर्ची. हात छातीशी धरून बसायचं, उठायचं. दहा वेळा. गुडघ्यात कळ आली की थांबायचं. "दुखतंय तरी करायचं, असलं व्रत ह्यात न्हाई," करुणा म्हणाली. पंधरा दिवसांनी खुर्चीऐवजी लोखंडी पेटी. मग चौरंग, त्यावर दोन घोंगड्या. मग एक घोंगडी. प्रत्येक उठण्याला ललिताबाई देवाचं एक नाव घ्यायच्या. घोंगडी काढली की देव आणखी वर गेल्यासारखा वाटायचा आणि जमीन जवळ आल्यासारखी.

त्याआधी, खुर्चीचं काम नवंच असताना, संक्रांतीला घात झाला. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर लोणी, मग गूळपोळ्या, मग हळदीकुंकवाच्या घराघरांतला तिळगूळ. नको म्हणायचं तर सवाष्णीच्या हातचं कसं नाकारायचं? चार दिवस चालणंही झालं नाही. पाचव्या दिवशी काटा दीड किलोनं वर. नेम मोडला. मोडल्या नेमाचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी दोन दिवस निर्जळी धरली. दुसऱ्या दिवशी संपतराव गुपचूप जाऊन करुणाला घेऊन आले.

ती देव्हाऱ्यापुढं खालीच बसली. "काकी, गुरुवार चालू आसंल आन् मधेच सुतक आलं तर काय करता?"

"तो गुरुवार धरत न्हाई. पुढला धरते."

"मागले सगळे वाया जातात?"

"छे गं. ते देवाच्या खाती जमा हायेत. फकस्त तेवढा सोडायचा, आन् पुढं चालू."

"मग संक्रांतीचं सुतक समजा."

ललिताबाईंनी तिच्याकडं बघितलं. पोरीच्या वयाची ही पोर. तिला देवीचं काही ठाऊक नव्हतं आणि देवीच्या मनातलं तिलाच बरोबर कळलं होतं. "काटा रोज बघू नका," करुणा म्हणत होती. "सणात चढतं ते निम्मं पाणी आसतं. आठवड्यातनं एकदा, सोमवारी, सकाळी. आन् उपाशी राहून फेडायचं न्हाई कायी. आता ताक घ्या." त्यांनी घेतलं.

माघ गेला. धुकं विरळ झालं, आणि एके दिवशी चारीच्या वाटेवर ललिताबाईंना आपले पाय स्पष्ट दिसले. पांढरे बूट धुळीनं भुरे झालेले. त्या स्वतःशीच हसल्या. काटा हट्टी होता. कधी तीन आठवडे जागचा हलायचा नाही. पण झोप लागत होती, जिना चढताना कठड्याला हात जात नव्हता. ज्ञानू आठव्या महिन्यात माहेरी आली, तिनं आईला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, माझे हात पुरले गं तुझ्याभोवती. माझं एवढं पोट मध्ये असून."

होळीच्या दिवशी त्या पाटावरून उठल्या. एक हात जमिनीला टेकून, एक गुडघा पुढं घेऊन, हळूच. पण कुणाला न धरता. घरात कुणी नव्हतं. त्यांनी परत बसून पुन्हा उठून पाहिलं, खरं आहे का म्हणून.

चैत्रात शिरूरच्या दवाखान्यात ज्ञानूला मुलगी झाली. काट्यावर त्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर होतं. ललिताबाई काही बारीक झाल्या नव्हत्या. दंड तेच, हनुवटीखालची वळीही तीच.

नाळ पडून बेंबी वाळली त्या सकाळी दारात अनसाबाई हजर. पदर खोचून. "मला कुणी बोलावलं न्हाई, पन मी आपली आले. ललिता खाली बसली आन् अडकली तर पोर हातात घ्यायला कुणीतरी पायजे का नको?"

"या वैनी. पाणी तेवढं ओता."

न्हाणीत कडुनिंबाचा मोहर टाकलेलं पाणी वाफाळत होतं. ललिताबाईंनी कोपरानं पाणी पाहिलं. पाट बाजूला सारला. जमिनीला हात टेकला, एक गुडघा, मग दुसरा, आणि बसल्या; पाय लांब सोडले. ज्ञानूनं बाळ नडग्यांवर ठेवलं. केवढं ते हलकं! चार महिने नडग्यांवर जे ओझं भासत होतं, त्याहूनही हलकं.

अनसाबाईंनी धार सोडली. ललिताबाईंचा तळवा बाळाच्या पाठीवरून फिरू लागला. वाफेत भिंत दिसेना, दार दिसेना. तेलाचा आणि कडुनिंबाचा वास, पाण्याचा आवाज, आणि त्या आवाजात कुठंतरी आई बोलत असल्यासारखी. पायावरून ऊन पाणी वाहत होतं, तरी सगळं थांबल्यासारखं वाटत होतं. बाळ रडलं नाही. मूठ उघडून त्यानं आजीच्या पायाचा अंगठा चाचपला.

"बास कर आता, गारठंल," अनसाबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून ज्ञानूकडं दिलं. ज्ञानू धुरीसाठी आत गेली.

ललिताबाई बसूनच राहिल्या. पाय तसेच लांब, डोळे मिटलेले.

अनसाबाई वाकून बघू लागल्या. "काय गं, अडकलीस? हात देऊ?"

"न्हाई."

"मग उठ की."

"उठते वैनी. आता उठता येतंय, मग कशाला गडबड करायची? जरा बसू द्या."

अनसाबाईंनी एक क्षण तोंड वाकडं केलं. मग बादली सरकवली, लुगडं आवरलं आणि त्याही शेजारी, ओल्या फरशीवर बसल्या.